समाजशास्त्राचा विद्यार्थी भीमराव : कोलंबियातील तीन वर्षे

जून-जुलै महिना आला की वस्त्यावस्त्यांत एकच चर्चा सुरू होते. मुलगा किंवा मुलगी बी.ए. झाली, आता पुढे काय? बी.एड. करावे, स्पर्धा परीक्षेची तयारी करावी, की सरळ कामाला लागावे? अशा वेळी एखाद्या मुलीने समाजशास्त्रात एम.ए. करायचे म्हटले की घरातले सगळे गप्प होतात. मग कुणीतरी विचारतेच, त्याने नोकरी लागते का? समाज तर आपण रोज भोगतोच आहोत, त्याचे पुन्हा शास्त्र कशाला शिकायचे?

या प्रश्नाची आम्ही थट्टा करणार नाही. ज्या घरात महिन्याचा हिशेब महिन्यातच संपतो, तिथे दोन वर्षांच्या शिक्षणाचा खर्च म्हणजे चैन नसते, ती सगळ्या घराने घेतलेली जोखीम असते. पण हाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी एका तरुणापुढे होता. त्याच्या घरची स्थिती आपल्यापेक्षा बरी नव्हती. त्याने काय निवडले आणि त्यातून पुढे काय घडले, ते आज नीट सांगावे असे आम्हाला वाटते. तो तरुण म्हणजे भीमराव रामजी आंबेडकर.

बडोद्याचा करार

सुभेदार रामजी सकपाळ यांचा हा मुलगा 14 एप्रिल 1891 रोजी महू येथे जन्मला. 1907 मध्ये तो मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाला. त्या निमित्ताने सत्कार झाला आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र त्याला भेट दिले. शाळेत संस्कृत शिकण्याची इच्छा असूनही जातीमुळे ते दार बंद होते, म्हणून पर्शियन घ्यावी लागली. पुढे केळुसकर गुरुजींच्या मध्यस्थीने सयाजीराव गायकवाड महाराजांनी दरमहा 25 रुपयांची शिष्यवृत्ती दिली आणि एल्फिन्स्टन कॉलेजातले शिक्षण झाले.

1913 च्या जानेवारीत भीमराव बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. काही दिवसांतच वडिलांच्या आजारपणाची बातमी आली आणि 2 फेब्रुवारी 1913 रोजी रामजीबाबा गेले. ज्या बापाने मुलाला शिकवण्यासाठी स्वतःच्या गरजा मारल्या, तो बाप मुलाची पुढची झेप पाहू शकला नाही. घरात पत्नी रमाबाई, काही महिन्यांचा यशवंत आणि सारा मोठा परिवार. कमावता आधार हवा होता. कुणीही म्हटले असते, आता नोकरी धरून बसा.

त्याच वेळी सयाजीराव महाराजांनी काही विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला पाठवायचे ठरवले. भीमरावांनी अर्ज केला आणि त्यांची निवड झाली. 4 जून 1913 रोजी करारावर सही झाली. तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड मिळणार आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करायची, अशी अट होती. शिष्यवृत्ती म्हणजे दान नव्हते, ते डोक्यावरचे देणे होते. हे देणे घेऊन, वडील गेल्याला सहा महिनेही झाले नसताना, जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात ते न्यूयॉर्कला पोहोचले.

साठ अभ्यासक्रम

कोलंबिया विद्यापीठात आधी ते हार्टली हॉल या वसतिगृहात राहिले. तिथले जेवण मानवेना, म्हणून कॉस्मोपॉलिटन क्लबात गेले आणि पुढे लिव्हिंगस्टन हॉलमध्ये. तिथे नवल भथेना हा पारशी मित्र मिळाला. ही मैत्री आयुष्यभर टिकली आणि पुढे अडचणीच्या वेळी उपयोगीही पडली. सुरुवातीचे काही महिने नव्या शहराच्या नवलाईत गेले, असे चरित्रकारांनी नोंदवून ठेवले आहे. आम्हाला ही नोंद महत्त्वाची वाटते. बाबासाहेब जन्मतःच ग्रंथालयात बसलेले नव्हते. आपण कुणाच्या पैशावर आणि कशासाठी इथे आलो आहोत, याची जाणीव त्यांना झाली आणि त्यांनी स्वतःला अभ्यासाला जुंपून घेतले. मग दिवसाचे अठरा-अठरा तास पुस्तकांत जाऊ लागले.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. बाबासाहेबांनी समाजशास्त्रात एम.ए. केले असे काही जण सांगतात, काही जण ते फक्त अर्थशास्त्रज्ञ होते असे सांगतात. दोन्ही अर्धवट आहे. त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र होता. 1915 मध्ये त्यांना एम.ए. पदवी मिळाली, तीही या विषयात. ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि वित्तव्यवस्था यांवर त्यांनी त्यासाठी प्रबंध लिहिला. पण कोलंबियात तीन वर्षांत त्यांनी जे अभ्यासक्रम घेतले त्यांची यादी पाहिली की चित्र बदलते. अर्थशास्त्राचे 29, इतिहासाचे 11, समाजशास्त्राचे 6, तत्त्वज्ञानाचे 5, मानववंशशास्त्राचे 4, राज्यशास्त्राचे 3 आणि फ्रेंच व जर्मन भाषांचा प्रत्येकी एक. एकूण 60.

पदवीला लागते तेवढेच शिकणारा विद्यार्थी हे करत नाही. साडेअकरा पौंडांत स्वतः राहून घरी पैसे पाठवणाऱ्या, ठरलेल्या मुदतीत परत जावे लागणाऱ्या विद्यार्थ्याने तर हे मुळीच करू नये, असे कुणीही शहाणा माणूस सांगेल. तरी त्यांनी केले, कारण त्यांना ज्या प्रश्नाचे उत्तर हवे होते तो एका विषयात मावणारा नव्हता.

शिक्षकही तसेच मिळाले. अर्थशास्त्राला एडविन सेलिग्मन, तत्त्वज्ञानाला जॉन ड्युई, इतिहासाला जेम्स शॉटवेल आणि जेम्स हार्वे रॉबिन्सन. समाजशास्त्राला फ्रँकलिन गिडिंग्ज. गिडिंग्ज 1894 पासून कोलंबियात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते आणि अमेरिकेत हा विषय उभा करणाऱ्यांपैकी एक होते. माणसे आपल्यासारख्याच माणसांना ओळखतात, त्यांच्याशी एकजीव होतात आणि त्यातून समाज बनतो, असा त्यांचा सिद्धांत होता. आता विचार करा. हे ऐकणारा विद्यार्थी अशा देशातून आला होता, जिथे एका गावात राहणारी, एक भाषा बोलणारी माणसे एकमेकांना आपल्यासारखी मानायला तयार नव्हती. इतर विद्यार्थ्यांसाठी तो परीक्षेचा मुद्दा असेल. भीमरावांसाठी तो शाळेतल्या गोणपाटाचा आणि न मिळालेल्या पाण्याचा प्रश्न होता.

याच काळात लाला लजपतराय अमेरिकेत होते. त्यांनी या हुशार विद्यार्थ्याला राजकीय कार्यात ओढण्याचा प्रयत्न केला. भीमरावांनी नम्रपणे नकार दिला. आधी शिक्षण पुरे करायचे, ज्यांच्या मदतीवर आलो त्यांना दिलेला शब्द पाळायचा, ही त्यांची भूमिका होती. आजच्या विद्यार्थी चळवळीतल्या मुलामुलींनी यातून राजकारण करू नये असा अर्थ काढू नये. प्रत्येक कामाची वेळ असते, एवढाच याचा अर्थ आहे.

9 मे 1916

मानववंशशास्त्राचे प्राध्यापक अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये 9 मे 1916 रोजी भीमरावांनी एक निबंध वाचला. विषय होता, भारतातील जाती, त्यांची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास. वय होते 25.

त्या वेळी जातीवर लिहिणारे मोठमोठे लोक होते. फ्रान्सचे सेनार, इंग्रज अधिकारी नेसफिल्ड आणि रिस्ले. आपल्याकडचे श्रीधर व्यंकटेश केतकर, जे पुढे ज्ञानकोशकार म्हणून प्रसिद्ध झाले, त्यांनीही अमेरिकेतच कॉर्नेल विद्यापीठात शिकत असताना जातीच्या इतिहासावर ग्रंथ लिहिला होता. भीमरावांनी या सर्वांच्या व्याख्या एकेक करून तपासल्या. केतकरांना त्यांनी मान दिला, पण जिथे पटले नाही तिथे तसे स्पष्ट मांडले.

त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते. विटाळ, धंदा, रोटीबंदी ही जातीची लक्षणे दिसतात, पण मूळ गाभा एकच आहे : जातीबाहेर लग्न न करणे. एकाच संस्कृतीच्या लोकांमध्ये ही बंदी वरून लादली गेली आणि एकसंध समाजाचे तुकडे झाले. मग ही बंदी टिकवायची कशी? कोणत्याही गटात स्त्री-पुरुषांची संख्या साधारण सारखी असते. नवरा आधी मेला तर बायको मागे उरते. ती गटाबाहेर लग्न करेल, ही भीती. गटात दुसरे लग्न करेल तर एखाद्या कुमारिकेचा वाटा जाईल, हीही भीती. म्हणून तिला जाळायचे, नाहीतर सक्तीचे वैधव्य द्यायचे. बायको आधी मेली तर पुरुष उरतो. पण पुरुषाला जाळता येत नाही, संन्यासी करून गटाचे नुकसान करायचे नाही. म्हणून त्याला लग्नाच्या वयात न आलेली मुलगी द्यायची. सती, विधवेवरची बंधने आणि बालविवाह या तिन्ही रूढी जातीचे कुंपण राखण्यासाठी आल्या, असा हा निष्कर्ष होता.

आम्ही हा निबंध जेव्हा जेव्हा वाचतो, तेव्हा याच ठिकाणी थांबतो. त्या काळचे सुधारक सतीबंदी, विधवाविवाह, संमतिवय यांवर बोलत होते, पण बहुतेकांनी हे प्रश्न उच्चवर्णीय कुटुंबांच्या सुधारणेचे म्हणून पाहिले. स्त्रीचे शरीर हेच जातीचे दार आहे आणि त्या दाराला कुलूप घातल्याशिवाय जात उभी राहत नाही, हे एका महार विद्यार्थ्याने न्यूयॉर्कमध्ये बसून दाखवून दिले. याच वर्षांत त्यांनी वडिलांच्या एका स्नेह्याला पाठवलेल्या पत्रात मुलांबरोबर मुलींनाही शिकवा, तरच आपल्या लोकांची प्रगती वेगाने होईल, असा आग्रह धरला होता. पत्रातला आग्रह आणि निबंधातला सिद्धांत एकाच डोक्यातून आलेले आहेत.

पुढचा प्रश्न असा की एका गटाने स्वतःला कोंडून घेतले, तर बाकीच्या गटांनी तसे का केले? भीमरावांचे उत्तर होते, काहींनी अनुकरण केले आणि काहींवर दारे बंद झाली. यासाठी त्यांनी गाब्रिएल तार्द या फ्रेंच समाजशास्त्रज्ञाच्या अनुकरणाच्या सिद्धांताचा आधार घेतला. वरच्याचे पाहून खालचा करतो, आणि जो नवे काही करतो त्याला वाळीत टाकले की त्याचीच एक नवी जात होते. जात कधी एकटी नसते, त्या नेहमी अनेक असतात, हे त्यांनी सांगितले. मनूने जात निर्माण केली हे मत त्यांनी नाकारले. एक माणूस एवढी मोठी व्यवस्था घडवू शकत नाही. मनूने आधीपासून असलेल्या रूढीला कायद्याचे रूप दिले, असे त्यांचे म्हणणे होते.

मे 1917 मध्ये हा निबंध 'इंडियन अँटिक्वरी' या नियतकालिकात छापून आला. त्या वेळी मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभागही नव्हता. तो 1919 मध्ये पॅट्रिक गेडिस यांच्या हाताखाली सुरू झाला.

ज्ञान आले, जागा मिळाली नाही

जून 1916 मध्ये भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या वाटणीवरचा प्रबंध सादर करून भीमराव लंडनला गेले. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांनी जे विषय घेतले, त्यांत सामाजिक उत्क्रांती आणि सामाजिक सिद्धांत हाही होता. शिकवायला होते ब्रिटनमधले समाजशास्त्राचे पहिल्या पिढीचे प्राध्यापक एल. टी. हॉबहाउस. त्याच वेळी ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी नाव घातले. पण शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि बडोद्याने परत बोलावले. चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी घेऊन ते ऑगस्ट 1917 मध्ये मुंबईत उतरले. त्यांचे सामान आणि पुस्तके घेऊन येणारे जहाज पाणतीराने बुडवले गेले होते.

करारानुसार ते बडोद्याला नोकरीवर हजर झाले. कोलंबियाची एम.ए. पदवी, पीएच.डी.चा प्रबंध स्वीकारलेला, जगातल्या पहिल्या दर्जाच्या शिक्षकांचे शिष्य. शहरात कुणी राहायला खोली दिली नाही. कचेरीत शिपाई लांबून कागद टाकत. पारशी धर्मशाळेत जात लपवून राहावे लागले आणि काठ्या घेऊन आलेल्या जमावाने तिथूनही बाहेर काढले. जातीची यंत्रणा कशी चालते हे ज्याने शास्त्रशुद्ध मांडले होते, त्यालाच ती यंत्रणा पुन्हा एकदा भोगावी लागली.

म्हणूनच आम्ही म्हणतो, पदवीने जात जाते असे आपल्या मुलांना सांगू नका. तसे सांगितले तर पहिल्याच वसतिगृहात, पहिल्याच मुलाखतीत ती कोसळतील. पदवीने दुसरे काही होते. आपल्यावर जे होते आहे तो आपला दोष नाही, ती एक रचना आहे, माणसांनी घडवलेली आहे आणि म्हणून मोडता येते, हे कळते. हे कळणे छोटे नाही.

शिकलेले कुठे गेले?

त्या सहा अभ्यासक्रमांचे पुढे काय झाले, ते क्रमाने पाहू. जानेवारी 1919 मध्ये साउथबरो समितीपुढे मताधिकाराबद्दल साक्ष देताना बाबासाहेबांनी मुद्दा मांडला तो समाजशास्त्राच्या भाषेत. समान मनोवृत्तीचे गट कसे बनतात, आणि गटागटांत देवाणघेवाण नसेल तर निवडणुकीत अस्पृश्यांचा माणूस का निवडून येणार नाही, हे त्यांनी समजावून सांगितले. गिडिंग्ज आणि ड्युई यांच्या वर्गात शिकलेले थेट मताच्या हक्कासाठी वापरले गेले.

1920 मध्ये 'मूकनायक' निघाले, माणगावची परिषद झाली. त्याच वर्षी शाहू महाराजांची मदत, नवल भथेनांकडून उसने घेतलेले पैसे आणि सिडनहॅम कॉलेजच्या पगारातली बचत यांवर ते पुन्हा लंडनला गेले आणि अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करून आले. कोलंबियाची पीएच.डी. त्यांना रीतसर मिळाली ती 1927 मध्ये, प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा ग्रंथ छापून विद्यापीठाला दिल्यानंतर. त्याच 1927 साली मार्चमध्ये चवदार तळे झाले आणि डिसेंबरमध्ये मनुस्मृतीचे दहन.

इथे कुणी विचारेल, मनूने जात निर्माण केली नाही असे स्वतःच लिहिणाऱ्याने मनुस्मृती का जाळली? आम्हाला यात विसंगती दिसत नाही. रूढी एका माणसाने घडवली नसली, तरी ग्रंथाने तिला पावित्र्य दिले की ती प्रश्नाच्या पलीकडे जाते. 1936 च्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' मध्ये त्यांनी हेच पुढे नेले. जातीचा गाभा लग्नबंदी असेल तर उपाय आंतरजातीय विवाह, आणि तो होत नाही कारण लोक शास्त्रे पवित्र मानतात, म्हणून त्या पावित्र्यालाच हात घालावा लागेल. 1916 चे निदान आणि 1936 चा उपाय एकाच रेषेत आहेत. कायदामंत्री म्हणून हिंदू कोड बिलासाठी झगडून त्यांनी सप्टेंबर 1951 मध्ये राजीनामा दिला, तोही याच रेषेवर. स्त्रीला वारसा, घटस्फोट आणि जोडीदार निवडण्याचा हक्क देणे म्हणजे जातीच्या दाराचे कुलूप काढणे होते.

5 जून 1952 रोजी कोलंबिया विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. ज्या विद्यापीठात ते एका संस्थानिकाच्या शिष्यवृत्तीवर आले होते, तिथे ते भारतीय संविधानाचे शिल्पकार म्हणून परतले. आणि 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर, ज्या पावित्र्याने जात टिकवली होती ते सोडून, लाखो लोकांसह त्यांनी बुद्धाचा धम्म स्वीकारला. 6 डिसेंबर 1956 रोजी त्यांचे महापरिनिर्वाण झाले. केळुसकर गुरुजींनी मॅट्रिकच्या पोराला दिलेले पुस्तक आणि कोलंबियात शिकलेले शास्त्र, दोन्ही नागपुरात एका जागी आले, असे आम्हाला वाटते.

आपल्या मुलांसाठी

एवढे असूनही आमच्यापैकी ज्यांनी समाजशास्त्रात एम.ए. केले, त्यांच्या अभ्यासक्रमात जातीवरच्या प्रकरणात घुर्ये होते, श्रीनिवास होते, परदेशी नावे होती. 1916 चा तो निबंध नव्हता. बाबासाहेब आले तर राजकीय नेते म्हणून, एखाद्या टिपेत. आता काही ठिकाणी हे बदलते आहे. पण ते आपोआप बदललेले नाही. आपल्यातली मुले-मुली त्या वर्गात बसली, त्यांनी ग्रंथालयातून बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखनाचा पहिला खंड आणून प्राध्यापकांपुढे ठेवला, तेव्हा बदलले.

म्हणून घरी मुलीने समाजशास्त्र घ्यायचे म्हटले तर तिला लगेच नाही म्हणू नका. शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेत भरा, जातीचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा. पैसे उशिरा येतील हे गृहीत धरून वस्तीतल्या चार नोकरदारांनी पहिल्या वर्षाची सोय करावी. विहारात दर रविवारी वंदना होते, तिथेच महिन्यातून एकदा हा निबंध वाचायला बसावे. तो छोटा आहे, मराठीतही उपलब्ध आहे.

आणि त्या मुलीला एवढेच सांगा. बाबासाहेबांना समाज माहीत नव्हता म्हणून ते समाजशास्त्र शिकले नाहीत. समाज त्यांना चांगलाच माहीत होता. तो सिद्ध करून दाखवता यावा, कुणालाही खोटा पाडता येऊ नये आणि एक दिवस बदलता यावा, म्हणून ते शिकले. तिचेही कारण हेच असेल, तर तिच्या फीची काळजी आपण सगळ्यांनी करायची आहे.

जय भीम. नमो बुद्धाय.